तळघरातला कमोड: पी ट्रॅप की एस ट्रॅप?

कमोड घ्यायला दुकानात गेलं की लगेच प्रश्न येतो: "पी देऊ की एस?" आपण मिस्त्रीला फोन लावतो, नाहीतर "जो असेल तो द्या" म्हणून मोकळे होतो. वरच्या मजल्यावर ते एक वेळ निभावतं. तळघरात मात्र या एका अक्षरावर मैला आपल्या ढाळाने गटारापर्यंत जाणार की वाटेतच बसणार, हे ठरतं.

समोरून दोन्ही कमोड सारखेच दिसतात. फरक मागून कळतो. एस ट्रॅपचं तोंड खाली, जमिनीत जातं. पी ट्रॅपचं तोंड मागे भिंतीकडे असतं आणि त्याचा मध्य फरशीपासून साधारण ७ इंच वर येतो. पाणी अडवून धरणारा वळसा दोघांच्याही पोटात असतो, त्यामुळे वास अडवण्यात डावं-उजवं काही नाही. घोळ होतो तो बेसिनमुळे. बेसिनखाली एस आकाराची नळी असली तर वाहत्या पाण्याबरोबर वळशातलं पाणीही ओढलं जातं, मग वास येतो. म्हणून अमेरिकेत नव्या कामात ती नळी चालत नाही. हे कुठेतरी ऐकून लोक कमोडच्या एस ट्रॅपलाही नावं ठेवतात. पण तिकडच्या घरांत कमोड सर्रास खाली तोंडाचेच असतात!

आमचं घर उताराच्या प्लॉटवर आहे. रस्ता वरच्या अंगाला, तळघराचं दार खालच्या अंगणात. आईला जिना चढवेना, म्हणून तिची खोली तळघरात करायची ठरली. प्रश्न होता ड्रेनेजचा, कारण चेंबर रस्त्याच्या बाजूला. मिस्त्रीने पातळी मोजायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली. तिचं एक टोक मी तळघरात भिंतीशी धरलं, दुसरं त्याने चेंबरपाशी. पहिलं माप दीड इंचाने चुकलं. नळी उजेडात धरून पाहिली तर मधोमध बोराएवढा बुडबुडा. तो बोटांनी टिचक्या मारत वर काढला आणि पुन्हा माप घेतलं. चेंबरमधल्या पाइपचा तळ आमच्या फरशीपेक्षा फक्त ९ इंच खाली निघाला.

आता हिशेब बघा. ४ इंची पाइपला फुटामागे २ सूत ढाळ हवा. चेंबर १६ फुटांवर, म्हणजे ३२ सूत, म्हणजे ४ इंच. एस ट्रॅप घेतला तर फरशीखाली बेंड बसवून पाइपचा तळ सुरुवातीलाच साधारण ८ इंच खाली जातो. त्यात ढाळाचे ४ मिळवले की १२. हाती ९ आहेत. "ढाळ थोडा कमी ठेवू" हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. ऐकू नका. १६ फुटांत १ इंच ढाळ राहिला तर पाणी निघून जातं आणि बाकीचं मागे राहतं. दुसरा उपाय कमोडखाली कट्टा बांधण्याचा. तो बरोबर आहे, पण ज्या माणसाला पायरी चढवत नाही म्हणून खोली खाली आणली, त्याच्याच संडासात पायरी घालायची, हे मला पटलं नाही.

पी ट्रॅपने गणित उलटलं. पाइपचा तळ फरशीच्या ५ इंच वरून निघाला आणि ४ इंच उतरूनही चेंबरपाशी फरशीच्या १ इंच वरच राहिला. पाइप भिंतीच्या कडेने नेऊन वर छोटी फळी केली. आता तिथे आईचा तांब्या असतो. एक लक्षात ठेवा: पी ट्रॅपच्या कमोडला खाली वळणारा कनेक्टर लावून एससारखा बसवता येतो, उलटं करता येत नाही. आणि चेंबरचा पाइप पी ट्रॅपच्या तोंडापेक्षाही वर असेल, तर अक्षरांचा वाद सोडून पंपच घ्यावा लागतो.

नहाणीला ही सोय नाही, तिचं पाणी फरशीतूनच जाणार. आम्ही कमी उंचीचा ट्रॅप आणि ३ इंची पाइप घेतला, तेव्हा ५ इंचांत कसंबसं बसलं. ट्रॅपमधलं पाणी मात्र ५० मिमीपेक्षा कमी होऊ दिलं नाही.

पी ट्रॅप घेतला म्हणजे पावसाळ्याची काळजी मिटली, असं समजू नका. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण आमच्या फरशीपेक्षा ६ फूट वर आहे. गटार तुंबलं तर पाणी त्या झाकणापर्यंत चढू पाहणार आणि त्याच्याखाली जे तोंड उघडं असेल तिथून घरात येणार: आधी नहाणी, मग कमोड. ७ इंचांनी तिथे काय होणार? म्हणून कमोड आणि नहाणीच्या लाइन एकत्र झाल्यावर पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, हवाच. वरच्या मजल्यांची लाइन त्या व्हॉल्व्हच्या मागे, म्हणजे घराच्या बाजूला, कधीही जोडू नका. व्हॉल्व्ह मिटलेला असताना वर कुणी आंघोळ केली तर आपल्याच घरचं पाणी तळघरात येईल. आम्ही ती लाइन वेगळी ठेवली आणि व्हॉल्व्हवर उघडता येईल असं झाकण केलं. मे महिन्याच्या शेवटी ते उघडून आतली झडप हाताने उचलून पाहतो, रबराला चिकटलेली घाण पुसतो, आणि मगच पावसाची वाट बघतो.