डोकं चढतं ते पित्तानं, ताणानं की अर्धशिशीनं?

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42 अंशांच्या वर गेला की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, "पित्त झालंय, डोकं चढलंय." मग उलटी होते, उलटीनंतर जरा बरं वाटतं, आणि पित्त पडलं म्हणून डोकं उतरलं यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. माझं म्हणणं असं, की डोक्यात ठणका, मळमळ आणि उलटी हे तिन्ही जोडीनं आणि पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती बहुतेक वेळा अर्धशिशी असते, म्हणजेच मायग्रेन. झटक्याची सुरुवात मेंदूत होते. त्याच्या परिणामानं जठराचं काम मंदावतं आणि मळमळायला लागतं. उलटीनंतर पुष्कळांना खरंच आराम पडतो, म्हणून पित्ताचा समज पक्का होत जातो. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि झटके काही थांबत नाहीत.

दुसरं दुखणं ताणाचं. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईला दुपारी बघा. मांडीवर सूप, मान खाली, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, की लगेच पुढची विडी. तासन् तास मान तशीच. संध्याकाळी खांदे भरून येतात आणि कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो, ठणका नसतो. डोकं दुखतंय म्हणत ती उठते, भाकऱ्या थापते, जेवते. हालचालीनं हे दुखणं वाढत नाही, उलटी होत नाही. अर्ध्या तासात थांबतं किंवा आठवडाभरही रेंगाळतं.

अर्धशिशीवाली बाई भाकऱ्या थापूच शकत नाही. जिना चढला, खाली वाकलं तरी ठणका वाढतो. खिडकीतलं ऊन, मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास, काहीच सोसत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. औषध घेतलं नाही तर झटका 4 ते 72 तास चालतो. काहींना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात आणि तासाभरात जातात. गल्लत होते ती दोन गोष्टींमुळे: अर्धशिशी दोन्ही बाजूंनाही दुखू शकते, आणि तिच्यातही मान आखडते. म्हणून नुसती दुखायची जागा पाहून ठरवू नका.

त्यापेक्षा डॉक्टर वापरतात ते तीन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखताना मळमळलं का? उजेडाचा त्रास झाला का? दुखण्यामुळे निदान एक दिवस काम अडलं का? तिन्हींपैकी दोनांचं उत्तर 'हो' असेल, तर अर्धशिशीची शक्यता मोठी आहे आणि डॉक्टरांकडे जायला हवं.

शेंगाचटणीवर मात्र फार राग काढू नका. झटक्याच्या आधी काही तास, कधी आदल्या दिवशीही, जांभया येतात, चिडचिड होते, काहीतरी चमचमीत किंवा गोड खावंसं वाटतं. म्हणजे झटका तेव्हाच सुरू झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी दोष चटणीला मिळतो. उपास मात्र खरोखर बाधतो. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला उपाशीपोटी उन्हातून जाणाऱ्यांपैकी ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांनी निदान पाणी आणि फराळ वेळेवर घ्यावा. जागरण आणि पाळीचे दिवसही झटका आणतात.

गोळ्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण नुकसान इथेच जास्त होतं. झटक्यात जठर मंद असल्यानं उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्यावी. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं. मेडिकलमधून पाकिटावर पाकीट आणण्यापेक्षा झटके रोखणारं औषध मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. अशी औषधं आहेत आणि त्यातली बहुतेक रोज घ्यायची असतात. गरोदरपण असेल किंवा मूल हवं असेल, तर तसं आधी सांगा. त्यातली काही औषधं गर्भाला घातक असतात.

पुढची डोकेदुखी मात्र या दोन्हींतली समजून घरी बसू नका. क्षणात कमाल पातळीला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती एवढी डोकेदुखी. ताप येऊन मान ताठ होणं. हातपाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, फिट येणं किंवा बेशुद्धी. डोक्याला मार लागल्यानंतरचं वाढतं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेलं तीव्र दुखणं. उन्हात काम करताना डोकं दुखून अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवा. तिच्यासोबत कानशील दाबल्यावर दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी जा, कारण उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.