ब्रिटिश फोर्सेस ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस (बीएफबीएस)

मायदेशापासून दूर तैनात असलेले ब्रिटिश सैनिक आणि त्यांच्यासोबत राहणारी बायकामुले यांच्यासाठी चालवली जाणारी इंग्रजी नभोवाणी सेवा. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1943 मध्ये ब्रिटनच्या युद्धखात्याने ती उभी केली. जिब्राल्टर, सायप्रस, ब्रुनेई, फॉकलंड बेटे अशा दूरदूरच्या ठाण्यांवरून तिचे कार्यक्रम ऐकू येत आले. तिची खरी जडणघडण मात्र जर्मनीत झाली.

जुलै 1945 मध्ये हॅम्बुर्गहून ‘ब्रिटिश फोर्सेस नेटवर्क’ या नावाने तिथले प्रक्षेपण सुरू झाले. बॉम्बहल्ल्यांत शहराची राखरांगोळी झाली होती, पण म्युझिकहाले हे जुने संगीतगृह शाबूत राहिले होते. त्यातच स्टुडिओ थाटले गेले. पुढे 1954 मध्ये मुक्काम कोलोनला आणि 1990 मध्ये हेरफोर्डला हलला.

या सेवेचे मर्म ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ या कार्यक्रमात सापडते. रविवारी दुपारी बीबीसीचा लंडनमधला स्टुडिओ आणि हॅम्बुर्गचा स्टुडिओ तारेने जोडले जात. ब्रिटनमध्ये बारा वाजलेत, जर्मनीत एक, असे दोन्हीकडचे घड्याळ आधी सांगितले जाई आणि मग सुरू होत फर्माइशी: छावणीतल्या मुलाकडून आईसाठी गाणे, घरून नवऱ्यासाठी निरोप. विविध भारतीवरची ‘जयमाला’ ऐकत वाढलेल्यांना यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको. गाणे सगळ्यांनीच ऐकलेले असे. कान लागलेले असत ते त्याआधी घेतल्या जाणाऱ्या नावाकडे. लंडनहून जीन मेटकाफ आणि हॅम्बुर्गहून क्लिफ मिचेलमोर निवेदन करत. त्यांची ओळख झाली ती याच तारेवर, एकमेकांच्या आवाजातून. 1950 मध्ये दोघांनी लग्न केले.

छावणीला कुंपण असले तरी रेडिओच्या लहरींना ते नव्हते. त्यामुळे आसपासचे जर्मन तरुणही हे केंद्र आवडीने ऐकू लागले. ब्रिटिश आणि अमेरिकी संगीताची गोडी आणि बोलीतले इंग्रजी अनेकांना इथूनच लागले. हॅम्बुर्गला निवेदक असलेला ख्रिस हाउलंड तर पुढे जर्मन नभोवाणीवरच गेला आणि आपल्या इंग्रजी वळणाच्या जर्मनसह तिथे घराघरांत पोहोचला. बीबीसीचे संगीत-निवेदक जॉन पील यांचे बीएफबीएससाठी ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रमही जर्मन श्रोत्यांनी जिवापाड जपले. आपल्यासाठी नसलेले केंद्र इतके आपले मानावे, हे नभोवाणीच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी घडले असेल.

शीतयुद्ध संपल्यावर जर्मनीतले ब्रिटिश सैन्य टप्प्याटप्प्याने कमी झाले, तशी तिथली श्रोतेसंख्याही घटली. आता खुद्द ब्रिटनमधल्या लष्करी तळांवरही बीएफबीएस ऐकू येते. ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिची स्वतंत्र नेपाळी सेवाही आहे. परमुलखात आपली भाषा कानी पडण्याचे मोल या केंद्राइतके कुणाला ठाऊक असणार!