हेलिकॉप्टरचा बाजार फिरतो एका दातेरी चाकावर

रसवंतीत ग्लासाची वाट बघताना चरकाच्या मागच्या बाजूला कधी डोकावलंय का? मोटर भिर्र फिरत असते, ऊस पिळणारे रोलर मात्र रमतगमत. मधली दातेरी चाकं वेग खातात आणि त्याच्या बदल्यात जोर देतात. हेलिकॉप्टरच्या छपरातही हेच चालतं, फक्त घुंगरं नसतात.

एअरबसचं एच२२५, म्हणजे जुन्या ‘सुपर प्यूमा’ घराण्यातलं हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या इंजिनातलं टर्बाइन मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतं, डोक्यावरचा पंखा मात्र फक्त २६५. पंखा याहून जोरात का फिरवत नाहीत? त्याचा व्यास १६ मीटरच्या वर आहे. एवढ्या फेऱ्यांतही पात्याचं टोक ताशी ८०० किलोमीटरने धावतं. त्यात हेलिकॉप्टरचा स्वतःचा वेग मिळवला, की पुढे येणारं पातं ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ पोचतं आणि हवा त्याला साथ देईनाशी होते. म्हणून वेग उतरवावाच लागतो आणि ते काम मुख्य गिअरबॉक्सकडे येतं. इंजिनं दोन, वैमानिक दोन, हायड्रॉलिक्स दुहेरी. गिअरबॉक्स मात्र एकच. ११ टनांचा सगळा डोलारा त्यातून वर निघणाऱ्या दांड्याला लटकलेला असतो.

२९ एप्रिल २०१६. नॉर्वेजवळच्या गुलफाक्स तेलफलाटावरून, म्हणजे तेल काढायला भरसमुद्रात उभ्या केलेल्या मचाणावरून, ११ प्रवासी आणि दोन वैमानिक घेऊन एक एच२२५ बर्गनकडे निघालं होतं. किनारा आला असताना, तुरोय बेटाजवळ, त्याचा पंखा मुळासकट सुटून वेगळा झाला. तेराही जण गेले.

गिअरबॉक्समध्ये मधल्या ‘सूर्य’ चाकाभोवती आठ ‘ग्रह’ चाकं फिरतात. त्यातलं एक फुटलं होतं. या चाकाची आतली बाजू म्हणजेच त्याच्या बेअरिंगची धाव, बेअरिंगचे रोलर जिच्यावरून फिरतात ती. तिथे एक अगदी बारीक खड्डा पडला, त्यातून तडा निघाला आणि पृष्ठभागाच्या खालून आत सरकत गेला. सगळी मेख या ‘खालून’मध्ये आहे. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकी बूच बसवलेलं असतं. चाकं झिजली की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. मेकॅनिक बूच काढतो, पांढऱ्या कागदावर पुसतो, चष्मा सरसावून बघतो. कोट्यवधींच्या यंत्राची तब्येत इतक्या साध्या उपायाने कळते, हे मला आजही नवलाचं वाटतं. पण तडा आतल्या आत गेला, कीस फारसा सुटलाच नाही आणि बूच स्वच्छ निघालं. पुढे चौकशी करणाऱ्यांनी समुद्राचा तळही खास बनवलेल्या चुंबकानेच धुंडाळला. याच घराण्यातलं एक हेलिकॉप्टर १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडजवळ असंच पडलं होतं आणि १६ जण दगावले होते. तेव्हाही ‘ग्रह’ चाकच.

यानंतर जे झालं ते कारखाना बंद पडला की त्या गावात होतं तसं. ब्रिटन आणि नॉर्वेने या हेलिकॉप्टरांवर बंदी घातली. २०१७ मध्ये ती उठली, पण फलाटांवरचे कामगार त्यात बसायला तयार नव्हते आणि तेल कंपन्यांनीही परत बोलावलं नाही. त्यातच तेलाचा भाव २०१४ मधल्या शंभर डॉलरवरून २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली घसरलेला. तेलफलाटांच्या वाहतुकीतल्या मोठ्या कंपन्यांपैकी सीएचसीने मे २०१६ मध्ये, तर ब्रिस्टोने मे २०१९ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दिला. बहुतेक भार सिकोर्स्कीच्या एस-९२ वर आला. त्याचा इतिहासही निष्कलंक नाही. मार्च २००९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ एका एस-९२ च्या गिअरबॉक्सच्या फिल्टरचे टायटॅनियमचे बोल्ट तुटले, तेल वाहून गेलं आणि सुमारे ११ मिनिटांत ते समुद्रात कोसळलं. १८ पैकी एकच वाचला. पुढे इटलीच्या लिओनार्दोने एडब्ल्यू१८९ विकताना ‘तेल संपलं तरी ५० मिनिटं चालेल असा गिअरबॉक्स’ हे आवर्जून सांगितलं. गाडीच्या जाहिरातीत मायलेज सांगतात, तसं.

मुंबईकरांना हा धंदा परका नाही. पार्ल्यात राहणाऱ्यांची सकाळ जुहूच्या धावपट्टीवरून बॉम्बे हायकडे निघालेल्या हेलिकॉप्टरांच्या आवाजाने होते. पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ओएनजीसीच्या माणसांची ने-आण हेच तिचं मोठं काम होतं.

ब्रिटन आणि नॉर्वेच्या मधल्या उत्तर समुद्रात नकोशी झालेली एच२२५ कुठे गेली? काही वापरलेली हेलिकॉप्टरं युक्रेनने घेतली. २०१८ मध्ये त्या देशाने एअरबसशी ५५ हेलिकॉप्टरांचा करार केला, त्यात २१ एच२२५ होती. योगायोग असा, की रशियाच्या मिल एमआय-८ आणि एमआय-१७ ची इंजिनं याच युक्रेनमध्ये, झापोरिझ्झियाच्या ‘मोटर सिच’ कारखान्यात बनत. बारा हजारांहून जास्त संख्येने बनलेल्या, आपल्या हवाई दलाच्याही भरवशाच्या या हेलिकॉप्टरचं काळीज शेजारच्या देशात! २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर तो पुरवठा तुटला आणि रशियाला सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतःच्या इंजिनांचं उत्पादन वाढवावं लागलं. २०२२ च्या युद्धानंतर फिलिपिन्सने अमेरिकेच्या निर्बंधांच्या भीतीने १६ एमआय-१७ ची मागणीच रद्द केली. लष्करी हेलिकॉप्टर एकदा घेतलं की तीस-चाळीस वर्षं त्याच घरातून सुटे भाग आणावे लागतात. सोयरीकच ती. स्थळ बघताना हेलिकॉप्टरपेक्षा घराणं जास्त बघतात.

लहान नागरी हेलिकॉप्टरांचं गणित अगदीच वेगळं. कॅलिफोर्नियाच्या रॉबिन्सनचं चार आसनी आर४४ साध्या पिस्टन इंजिनावर चालतं आणि भरपूर खपतं. पण २,२०० तास किंवा १२ वर्षं भरली की ते अख्खं उघडून नव्याने बांधावं लागतं. तो खर्च विसरून घेणारा शौकीन नंतर हळहळतो.

आपलं देशी बनावटीचं हेलिकॉप्टर ‘ध्रुव’ही याच वाटेवर ठेचकाळलं. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले. तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं दिसलं. वैमानिकाचा हुकूम स्थिर सांगाड्यातून फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी ही तबकडी. सगळ्या दलांची मिळून तीनशेहून जास्त ध्रुव जमिनीवर बसली. ती अशी बसलेली असतानाच, मार्चच्या अखेरीस, त्याच घराण्यातल्या ‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरच्या १५६ नगांचा सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचा करार हिंदुस्तान एअरोनॉटिक्सशी झाला. लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवांना मे महिन्यात उडायची परवानगी मिळाली. नौदल आणि तटरक्षक दलाच्या ध्रुवांना आणखी थांबावं लागलं.