चिकित्सक अध्यापनशास्त्र

शाळेत काय शिकवायचे हे कोण ठरवते, त्यातून कोणाचे वर्चस्व टिकते, हे प्रश्न विद्यार्थ्यांसह वर्गातच चर्चेला घेणारी शिक्षणविचाराची परंपरा. ‘समीक्षात्मक अध्यापनशास्त्र’ असेही म्हणतात. हे नाव १९८०च्या दशकात अमेरिकी अभ्यासक हेन्री जिरू यांच्या लेखनातून रूढ झाले. पाया मात्र ब्राझीलचे पाउलो फ्रेरे (१९२१–१९९७) यांनी त्याआधीच प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत घातला होता.

ब्राझीलमध्ये १९८५ पर्यंत निरक्षरांना मताधिकार नव्हता. मजूर लिहा-वाचायला शिकला की मतदार होई. शिक्षण आणि लोकशाही यांचे नाते तिथे इतके रोकडे होते. १९६३ साली ईशान्येकडील आंजिकूस या गावी फ्रेरे यांच्या पद्धतीने सुमारे ३०० जणांना ४० तासांत साक्षर करण्याचा प्रयोग झाला. समारोपाला खुद्द राष्ट्राध्यक्ष गुलार्ट आले. पाठोपाठ देशव्यापी योजना आखली गेली. पण १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, योजना रद्द झाली आणि फ्रेरे आधी तुरुंगात व मग परदेशी गेले. आंजिकूसच्या प्रयोगाला अमेरिकी सरकारच्या मदतनिधीचाही हातभार होता, हे सहसा सांगितले जात नाही.

वर्गात अंकलिपी नसे. कार्यकर्ते वस्तीत फिरून लोकांच्या तोंडचे शब्द टिपत आणि त्यांतले मोजके निवडत. ‘तिजोलो’ म्हणजे वीट. आधी बांधकामाचे चित्र दाखवून त्यावर बोलणे होई. मग शब्द फोडायचा: ति, जो, लो. पुढे प्रत्येकाची स्वरमाला: ता, ते, ति, तो, तु. बाराखडी घोकलेल्या मराठी वाचकाला इथवर काही नवे वाटणार नाही. वेगळेपण यापुढे आहे. या तुकड्यांतून शिकणारे आपापले शब्द जुळवत: ‘लाता’ (डबा), ‘लोजा’ (दुकान), ‘लुता’ (लढा). कोणता शब्द बनवायचा हे शिक्षक सांगत नसे.

शिक्षकाने ज्ञान भरायचे आणि विद्यार्थ्याने साठवायचे, या रीतीला फ्रेरे यांनी ‘बँक पद्धत’ म्हटले. ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ या ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १९७०) त्यांनी तिच्याऐवजी संवाद सुचवला. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, असे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१६ मध्येच मांडले होते. चिकित्सक परंपरा त्यात सत्तेचा प्रश्न घालते: निवडणुकीचे नियम पाठ असलेला, पण हुकूम निमूट झेलायची सवय जडलेला विद्यार्थी नागरिक म्हणून काय करणार?

हा विचार म्हणजे राजकीय प्रचार, हा विरोधकांचा नेहमीचा आरोप. त्याहून जिव्हारी लागणारी टीका आतून झाली. स्त्रीवादी अभ्यासक एलिझाबेथ एल्सवर्थ यांनी १९८९ मध्ये स्वतःच्या वर्गाच्या अनुभवावरून दाखवले की ‘संवाद’ जाहीर केल्याने वर्गातली वंश-लिंगाची उतरंड मोडत नाही, आणि मुक्तिदात्या शिक्षकाचा अधिकारही शाबूतच राहतो. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी फ्रेरे यांच्या पुरुषकेंद्री भाषेवर बोट ठेवले, तरी त्यांचे ऋण मानले.

फ्रेरे १९८० मध्ये मायदेशी परतले आणि १९८९ ते १९९१ साओ पाउलो शहराचे शिक्षणप्रमुख होते. तेथे पालक, विद्यार्थी व कर्मचारी असलेल्या शाळा-परिषदांना त्यांनी निर्णयाचे अधिकार दिले.