रक्तगट आणि बाळंतपण: आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या ताईंसाठी

"आमचा दोघांचा रक्तगट एकच आहे, मुलांना काही होणार नाही ना?" लग्न ठरताना किंवा दिवस राहिल्यावर तपासणीला आलेल्या कितीतरी जणी हे विचारतात. काहीही होत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असल्यामुळे दिवस राहायला अडचण येत नाही आणि बाळात व्यंगही येत नाही. कृपा करून या कारणावरून जमलेलं लग्न मोडू नका.

पाहायचं असतं ते रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तोवर पहिलं बाळ जन्मलेलं असल्याने त्याला सहसा त्रास होत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं, तर हीच प्रतिपिंडं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मग पोटातच बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते, कधी बाळ दगावतं.

हे टाळता येतं, आणि तेही 1968 पासून. त्या वर्षी अँटी-डीचं इंजेक्शन वापरात आलं. त्याआधी अशा शंभर मातांपैकी सुमारे 16 जणींत प्रतिपिंडं तयार होत. हे इंजेक्शन आईला देतात: एकदा सातव्या महिन्यात, 28व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की मात्र त्याचा उपयोग नसतो. म्हणून गरोदरपणात आयसीटी (इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट), म्हणजे आईच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत का ते पाहणारी तपासणी, आधी करतात.

आयसीटीचं रक्त इंजेक्शन घेण्यापूर्वीच द्या. नंतर दिलं, तर इंजेक्शनमुळेच रिपोर्ट थोडा पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरचे उगाच घाबरतात. इंजेक्शन आधीच झालं असेल, तर काउंटरवर तारीख नक्की सांगा.

गर्भपात झाला, पिशवी साफ करावी लागली, गर्भ नळीत राहिला किंवा पोटाला जोराचा मार बसला, तरी डॉक्टरांना आपला रक्तगट सांगा. इंजेक्शन लागेल का, हे ते आठवडे पाहून ठरवतील. घरी कुणाला न सांगता झालेला गर्भपातही डॉक्टरांपासून लपवू नका. पुढच्या बाळाच्या दृष्टीने ती माहिती फार मोलाची असते.

आई 'ओ' आणि बाळ 'ए' किंवा 'बी' असेल, तर पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. ती बहुधा सौम्य असते आणि निळ्या प्रकाशाच्या उपचाराने उतरते. 'ओ' गटाच्या स्त्रियांची बीजं लवकर संपतात, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात 2011 च्या सुमारास दिसलं होतं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. रक्तगट पाहून पीसीओडीचा किंवा वंध्यत्वाचा अंदाज बांधणाऱ्यांना पैसे देऊ नका.

एक दुर्मिळ गट मात्र माहीत असावा. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण अशा बाईला 'ओ' रक्तही चालत नाही. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. तो ओळखण्यासाठी रक्तातल्या पेशींबरोबर सीरमही तपासावं लागतं.

रक्तगट तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर येताना पतीचा रिपोर्ट आणि आधीच्या बाळंतपणाची फाइल आणा.