ताम्रवाहक प्रथिने

पेशीत शिरलेला तांब्याचा आयन ठराविक एंझाइमापर्यंत किंवा पंपापर्यंत नेऊन सोपवणारी लहान प्रथिने. मोकळे तांबे हायड्रोजन पेरॉक्साइडपासून घातक मूलके (अतिक्रियाशील रेणू) तयार करते आणि जस्ताच्या जागा बळकावते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार यीस्टच्या एका पेशीत सरासरी एकही मोकळा ताम्र-आयन नसतो.

सर्वाधिक अभ्यासलेली जोडी यीस्टमधील एटीएक्स-१ (७३ ॲमिनो अम्ले) व सीसीसी-२ हा पटलातील पंप यांची. एटीएक्स-१ चे जनुक १९९५ च्या सुमारास ऑक्सिडीकरणविरोधी म्हणून हाती लागले. वाहक म्हणून त्याची ओळख १९९७ मधील. वाहकावरील लायसिन या ॲमिनो अम्लांचा धन भार पंपावरील ऋण भाराकडे ओढला जातो. दोघे भिडले की पंपाचे एक सिस्टीन (गंधकयुक्त ॲमिनो अम्ल) तांबे धरते, तांबे क्षणभर तीन गंधकांत अडकते, मग वाहकाचे गंधक एकेक करून सुटतात. मध्ये कोठेही तांबे पाण्यात मोकळे होत नाही.

या पायरीचा संतुलनांक (समतोल कोणत्या बाजूला किती झुकतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे समसमान) सुमारे १.४ आहे, म्हणजे पंप तांबे विशेष घट्ट धरतो असे नाही. ग्लुटाथायोन (पेशीतील गंधकयुक्त लहान रेणू), वाहक, अंतिम एंझाइम अशा चढत्या बंधबळामुळे तांबे पुढे सरकते, हे २०१० मधील मत संपूर्ण मार्गापुरते पटते. या एका पायरीची दिशा मात्र पंप एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून तांबे पलीकडे ढकलतो म्हणून ठरते, हे अधिक ग्राह्य वाटते.

बंधबळाचे आकडे जपून वाचावेत. एटॉक्स-१ या एटीएक्स-१ च्या मानवी प्रतिरूपाचे जुने विघटनांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) मायक्रोमोलरच्या आसपासचे, नंतरचे १० च्या उणे १७ व्या-१८ व्या घातातले. हा फरक पद्धतीचा आहे. एकसंयुजी तांबे नुसत्या पाण्यात टिकत नाही, म्हणून ते लिगंडासह (धातूला बांधणाऱ्या रेणूसह) घालावे लागते आणि तो लिगंडही तांब्यावर हक्क सांगतो. आता बीसीएस हा स्पर्धक लिगंड मुद्दाम घालतात. त्याच्या ताम्रसंकुलाचा ४८३ नॅनोमीटरवरील रंग जितका उतरेल तितके तांबे प्रथिनाकडे गेले. काम नायट्रोजनाच्या पेटीत करतात, कारण हवेत सिस्टीनांची डायसल्फाइडे होतात व प्रथिन तांबे धरेनासे होते. क्षपणासाठी घातलेले डीटीटी आधी स्तंभातून काढावे. राहिले तर तेच तांबे पळवते.

मानवात एटॉक्स-१ तांबे एटीपी-७ए व एटीपी-७बी या पंपांना देते. त्यांच्या जनुकांतील दोषांमुळे अनुक्रमे मेंकेस व विल्सन रोग होतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमासाठी सीसीएस, तर तंतुकणिकांत कॉक्स-१७ हे वाहक असतात. जस्ताचा वाहक म्हणून झेडएनजी-१ हे प्रथिन २०२२ मध्ये पुढे आले.