होमस्कूलिंगची नववी ते बारावी: आधी आराखडा, मग फॉर्म

(आमच्या केंद्रात येणाऱ्या पालकांसाठी)

जून लागला की आमचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो. "एनआयओएसच्या (म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाच्या) दहावीला सोप्यात सोपे पाच विषय कोणते?" दिवसातून चारदा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हे पत्रक. शाळेत न जाता दहावी होते का, एनआयओएसची बारावी पुढे चालते का, हे आता तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याच्या पुढच्या पायरीवर आहात असं धरून लिहितोय.

सोपे पाच विषय आहेत. ते आम्ही सांगूही शकतो. पण सहसा सांगत नाही, त्याचं कारण असं.

एनआयओएसच्या दहावीला पाच विषय लागतात. त्यात किमान एक भाषा हवी, बाकीची निवड तुमची. गणित आणि विज्ञान सक्तीचं नाही. ज्या घरात गणितावरून रोज रडारड चालते, तिथे हे वाचून सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. मग मराठी, इंग्रजी, चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असे पाच विषय भरले जातात. निकाल उत्तम लागतो, पेढे वाटले जातात. आणि सोळाव्या वर्षी तीच चित्रं काढणारी मुलगी म्हणते, मला आर्किटेक्चर करायचंय.

बी.आर्क.ला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. कागदोपत्री अडचण नाही, बारावीला हे विषय घेता येतात. अडचण पुस्तक उघडल्यावर कळते. भौतिकशास्त्राच्या पहिल्या काही प्रकरणांतच सदिश (व्हेक्टर) येतात. सदिशाचे घटक काढायचे तर साइन-कोसाइन लागतं, म्हणजे दहावीची त्रिकोणमिती. तिच्या मागे समरूप त्रिकोण आणि नववीचं बीजगणित. गणिताच्या पुस्तकात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येतं, त्याला फलन (फंक्शन) समजलेलं हवं, आलेख वाचता यायला हवा. हे सगळं मागे जाऊन भरायला हुशार मुलालाही वर्षभर सहज लागतं, आणि ते वर्ष अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतूनच जातं. आमच्याकडे येणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही एकच आहे. बाकीच्या चुका महिन्या-दोन महिन्यांत निस्तरता येतात.

म्हणून आम्ही आराखडा उलटा भरतो. कागदावर चार रकाने: नववी, दहावी, अकरावी, बारावी. आधी भरायचा तो बारावीचा. मेडिकल हवं असेल तर तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. घरी शिकणारी मुलं कधीकधी पुढे धावतात, म्हणून हे वय आधीच मोजून ठेवा. इंजिनिअरिंगच्या सीईटीसाठी पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन, गणित. क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन कायद्याला जायचं किंवा एनआयडीला (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) डिझाइन करायचं तर कुठलीही शाखा चालते. बारावीचा रकाना भरला की अकरावीचा आपोआप भरतो, आणि मग दहावीला काय सोडता येईल ते दिसायला लागतं.

"पण तिचं अजून काहीच ठरलेलं नाही हो." चौदाव्या वर्षी ठरलेलं नसतंच, आणि नसावंही. अशा मुलांसाठी आमचं म्हणणं ठाम आहे: दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सोडू नका. गुण कमी पडले तरी चालतील. चित्रकला किंवा मानसशास्त्र सोडायची गरजच नाही, कारण पाचाच्या वर आणखी दोन विषय घेता येतात. काही पालकांना हे शाळेसारखंच वाटतं. शाळेतून काढलं ते गणितासाठी नव्हतं, असंही एक बाबा म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. आम्ही पद्धत बदला म्हणतो, विषय ठेवा म्हणतो.

आता वेळापत्रक, कारण तिथे एनआयओएसची खरी सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर) आणि पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. दहावीला आम्ही बहुतेकांना ऑक्टोबरला भाषा आणि एखादा हलका विषय देऊन मोकळं करतो. मग एप्रिलला गणित-विज्ञानाकडे नीट लक्ष देता येतं. दहावीला बसायला वयाची चौदा पूर्ण हवीत, आणि दहावी-बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळे घाई करून फारसं हाती येत नाही. टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के वजन आहे आणि त्यांची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. ती तारीख फ्रिजवर चिकटवा.

प्रॅक्टिकलबद्दल जरा जास्त सांगायला हवं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तिन्हींना ते आहे आणि ते एनआयओएसच्या केंद्रावर जाऊन द्यावं लागतं. व्हिडिओ पाहून गेलेलं मूल ब्युरेटसमोर (रसायनाच्या प्रयोगातल्या तोटीच्या काचनळीसमोर) उभं राहिलं की कळतं. तोटी किती फिरवली की एकच थेंब पडतो आणि कुठल्या थेंबाला फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग टिकतो, हे बोटांनाच समजावं लागतं. पहिल्या खेपेला सगळ्यांचाच फ्लास्क गडद गुलाबी होतो. आमच्याकडे शनिवारी छोटी तुकडी असते ती याचसाठी. क्लास दुसरीकडे लावला असला तरी फक्त शनिवारी यायला हरकत नाही.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, हाही रस्ता आहे. मराठी माध्यमातल्या, कला किंवा वाणिज्यला जाणाऱ्या मुलांना तो सोयीचा पडतो. विज्ञान शाखेसाठी मात्र तो धरू नका. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. पाचवी-सहावीत मूल घरी आणलं आणि दाखला शाळेतच राहिला, असं असेल तर आजच जाऊन घ्या. आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. तिच्या पुढच्या, बारावीच्या पातळीच्या ए लेव्हलला विज्ञान घेणार असाल तर प्रॅक्टिकल घेणारं केंद्र आधी शोधा, फी नंतर भरा.

अमेरिकेत शिकायला पाठवायचं मनात असेल तर तिथली विद्यापीठं नववी ते बारावी अशी चारही वर्षांची नोंद मागतात. होमस्कूलिंगमध्ये प्रवेश अर्जातला शाळेच्या समुपदेशकाचा भाग बहुधा आईवडिलांनीच भरायचा असतो. विषय, पुस्तक, तास, तपासणी कशी केली, एवढं नववीच्या पहिल्या महिन्यापासून वहीत लिहा. बारावीच्या दिवाळीत बसून आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला कळते. आमच्याकडे त्याचा छापील तक्ता मिळतो, आराखडा आमच्याकडे केला नसला तरी.

आता आमच्याविषयीची एक तक्रार. "नुसता फॉर्म भरून द्या" म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, आणि आराखड्याच्या बैठकीची वेगळी फी घेतो. फॉर्म बाहेर कुठेही कमी पैशांत भरून मिळतो, हे मान्य. पण तिथे समोरचा तुम्हाला पुढे काय करणार ते विचारत नाही, आणि विषय बदलायला नंतर मुदतही पाळावी लागते व फीही भरावी लागते. बैठक साधारण दोन तास चालते. पुढे आमच्याकडे कुठलाही विषय लावलात तर ती फी त्यात वळती होते. नाही लावलात तरी आराखड्याचा कागद तुमचाच.

येताना मुलाला किंवा मुलीला घेऊनच या. त्यांच्याशिवाय आम्ही बसत नाही. आजी-आजोबांना काही विचारायचं असेल तर तेही येऊ देत, प्रश्न बहुधा त्यांचेच चांगले असतात. जन्मदाखला, आधार, शेवटच्या शाळेचा दाखला आणि सध्या वापरात असलेली गणिताची वही आणा. वही नीटनेटकी नसली तरी चालेल, खाडाखोडच आम्हाला बघायची असते. आणि फॉर्म आधीच भरून झाला असेल तर त्याची प्रत न विसरता आणा, म्हणजे विषय बदलायची मुदत शिल्लक आहे का ते सर्वांत आधी बघता येईल.